तौर सरांच्या सर्व्हरवर माझं नाव

आधी कबूल करतो. तौर सरांच्या न्यूज सर्व्हरमधी मालकाचं नाव मीच बदललं.

सरांना साठ वर्षं पूर्ण झाली म्हणून हे पुस्तक निघून राह्यलं. त्यांच्या विद्वत्तेवर बाकीचे लिहितीलच. मी डिप्लोमाला दोनदा नापास, मला घडलेलं तेवढंच लिहिता येतंय.

सर केदारखेड्याचे. पहिल्याच तासाला म्हणले, "मागं बसलेले पुढं या. पुढच्यांना येतंच सगळं." तिथून मी त्यांचा.

जालन्याच्या आमच्या कॉलेजात तेव्हा युनिक्स कॉम्प्युटरची एकच मशीन. तिच्यावर सरांना न्यूज सर्व्हर चालवायचा होता, म्हंजे जगभरातल्या लोकांचे प्रश्न आन् उत्तरं फोनच्या लायनीवरून आपल्या खोलीत. प्राचार्य म्हणले, "सोमवारपर्यंत चाललं तर ठीक, न्हाईतर मशीन परीक्षा विभागाला."

सरांची पद्धत अशी, की सेटिंगची ओळन् ओळ आधी वहीत लिहायची, मंग टाइप करायची, मंग वहीत पेन्सिलीनं टिक. ते चहाला गेल्ते, तेव्हा टिक झालेल्याच एका ओळीत, मालकाच्या जागी, मी माझं लॉगिनचं नाव टाकलं. वाटलं, जगात आपलं नाव जाईल.

कंपाइल व्हायला, म्हंजे त्या सेटिंगवरून सर्व्हरचा प्रोग्राम तयार व्हायला, अख्खी सकाळ गेली. झालं बराबर, पण सर्व्हर उठायचा आन् पडायचा. त्याला स्वतःच्याच फोल्डरात लिहिता येईना. सरांनी दोन दिवस सगळं धुंडाळलं, टिक केलेलं सोडून. शनिवारी फायलींची यादी काढली. प्रत्येक फायलीचा मालक मी, आन् सर्व्हर परका.

सर वळले. "गणेशराव, सगळं तुमच्या नावावर झालंय. सातबारा काढून देऊ का?"

मी मान खाली घातली. तेवढ्यात प्राचार्य दारात. "काय अडलंय, तौर?"

"मालकाचं नाव चुकलं, साहेब. माझ्याच हातून."

ते गेल्यावर सरांनी मला खुर्चीत बसवलं. "आता तू टाइप कर, टिक मी करतो."

सोमवारी सर्व्हर उठला तो पडलाच न्हाई. फोन जोडला, आन् पडद्यावर देशोदेशीचे निरोप धडाधड उतरायला लागले. प्राचार्यांनी चष्मा वर केला. "हे सगळं बाहेरून?"

"बिलकुल बाहेरून, साहेब." सरांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. मशीन आमचीच राह्यली.

आज भोकरदनला माझा कॉम्प्युटरचा क्लास आहे. प्रत्येक टेबलावर वही आन् पेन्सिल. सरांनी ठणठणीत तब्येतीनं अजून चाळीस वर्षं असंच टिक करत राहावं.

फक्त एक. पुस्तकाचं प्रकाशन त्या वेळच्या प्राचार्यांच्याच हातानं आहे. त्या चुकीवरून ते अजून सरांना चारचौघांत चिमटे काढतात, आन् सर नुसते हसतात. पाया पडतो तुमच्या, वाचलं ते वाचलं, कोणाला सांगू नका.