रुद्रवीणेसाठी पाच दिवस

पोलिसातल्या नोकरीतली बरीच प्रकरणं विसरलो, पण इंदूरच्या एका संग्रहालयातून नाहीशी झालेली रुद्रवीणा आठवली की आजही डोकं तापतं.

काचेची पेटी कुलूपबंद, आत वीणा नाही. किल्ल्या दोघांकडेच होत्या, संग्रहालयाच्या अधिकाऱ्यांकडे आणि जुन्या परिचराकडे. अधिकारी रोज फोन करत, "गुन्हा दाखल करा, चोर घरचाच आहे." परिचराच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. गुन्हा नोंदला असता तर पेन्शन अडकली असती, म्हणून मी आधी नुसती चौकशी सुरू केली.

सियागंज बाजारातल्या खबऱ्याने परिचराबद्दल सांगितलं, "साहेब, म्यूजियमवाल्या भाऊंनी लाकूड चिकटवायचा सरस नेलाय." मला वाटलं, रूप बदलून विकायचा बेत आहे.

परिचराला रोज सकाळी ठाण्यात बोलवायचो, संध्याकाळी सोडायचो.

"वीणा कुठे आहे?"

"सुरक्षित आहे, साहेब. शुक्रवारी सांगतो."

"शुक्रवारी काय मुहूर्त आहे?"

"तसंच समजा."

हवालदार इंदुरी बोलीत वैतागला. "भिया, पेन्शनचा तरी विचार करा! साहेब भले आहेत म्हणून चहा मिळतोय."

"चहात साखर जास्त असते," परिचर म्हणाला.

मागावर माणूस लावला. परिचर घरी जाई, मारुतीला जाई, बस्स.

पाचव्या दिवशी, शुक्रवारी, तो स्वतःच म्हणाला, "चला, सिमरोलला." इंदूरजवळच्या त्या गावात एक म्हातारे वाद्यकारागीर मुलीकडे राहत होते. त्यांच्या खोलीत गोधडीवर वीणा ठेवलेली, एका भोपळ्याला सुताचे घट्ट वेढे. भोपळा तडकला होता. परिचराने दुरुस्तीसाठी अधिकाऱ्यांकडे तीन अर्ज दिले होते, उत्तर नाही. शेवटी त्याने स्वतःच वीणा इथे आणली. सरस लावल्यावर आठ दिवस ती हलवायची नव्हती. ते आज पुरे झाले होते.

"मग पहिल्याच दिवशी बोलायला काय झालं होतं?" मी ओरडलो.

"तुम्ही मुद्देमाल म्हणून उचलून नेली असती, साहेब. सांधा निखळला असता."

खरंच नेली असती. आमच्या मालखान्यात ती जप्त मोटारसायकलींवर पडली असती.

तिन्ही अर्ज संग्रहालयाच्या आवक नोंदवहीत निघाले, अधिकाऱ्यांच्या सहीसकट. चोरीचा हेतू नाही, असा अहवाल मी दिला. परिचराला लेखी समज मिळाली, पेन्शन वाचली.

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. कागदानेच मला वर आणलं, म्हणून कागदावर माझी श्रद्धा. पण माणसाला पाच दिवस बसवण्याआधी मी ती नोंदवही उघडलीसुद्धा नव्हती. शिवाय गप्प बसणारा प्रत्येक जण स्वतःलाच वाचवत असतो, असं मी धरून चाललो होतो.

प्रकरण मिटल्यावर मी त्याला दम दिला, "भाऊ, पुन्हा असं केलंत तर बघा!"

तो म्हणाला, "मी तर रिटायर होतोय, साहेब. आता तडा गेला तर अर्ज तुम्ही करा."