उलटे पाहिलेले फुटेज

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला बसलेल्या माणसाने लिहायला घ्यावे, हे जरा जास्तच आहे. वाचकांनी माफ करावे. सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो, त्याच वर्षी पत्नी गेली. घरात बोलायला कोणी उरले नाही, म्हणून लोणखेड्याच्या कॉलेजात नाव घातले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. परवा वर्गात मूलपेशी हा शब्द ऐकला आणि चार वर्षांपूर्वीची ती चौकशी जशीच्या तशी समोर उभी राहिली.

पुण्याच्या एका संशोधन संस्थेचा तक्रार अर्ज तिथल्या ठाण्यामार्फत आमच्याकडे आला होता. आमच्या भागातली, तोरणमाळकडची एक मुलगी तिथे उंदराच्या गर्भातल्या मूलपेशी वाढवायची. पुढे हृदय व्हायचे की मेंदू, हे अजून न ठरलेल्या पेशी. एका बशीतल्या, एकच खाद्य दिलेल्या, तरी निम्म्या एखादा अवयव होण्याकडे वळल्या आणि निम्म्या होत्या तशाच राहिल्या. तिने बाहेरच्या पेशी मिसळल्या, असा तिच्या मार्गदर्शकांचा आरोप होता. तिला घरी पाठवले होते. आरोप टिकला तर तिची जागा जाणार होती.

तिला जबाबासाठी बोलावले. ती लॅपटॉप छातीशी धरून बाकावर बसली. हवालदार हळूच म्हणाला, "दादा, उंदीरना गुन्हा बी आते आपलाकडेच का?"

मी तिला विचारले, "मिसळल्या का?"

"नाही, साहेब."

"मग एकाच घरच्या पेशी वेगळ्या कशा वागल्या?"

"त्यांच्यातलं एक जनुक कमीजास्त चालतं, साहेब. जास्त चाललं की पेशी हिरवी चमकते. आत्ता चमकते ती थोड्या वेळाने मंद होते. आम्ही खाद्य बदललं, त्या वेळी ज्या मंद होत्या त्या वळल्या."

"हे सरांना सांगितलं?"

"ते म्हणाले, पेशींवर खापर फोडू नकोस."

तीनदा फिरवून विचारले. जबाब बदलला नाही. मग तिने दर दहा मिनिटांनी काढलेली छायाचित्रे दाखवली. चोरीचे फुटेज आम्ही नेहमी शेवटाकडून मागे पाहतो. म्हटले, "उलटं चालव." सगळी दुपार त्यात गेली. पेशी एकीच्या दोन होत वाढतात, म्हणून उलटे पाहताना वळलेली प्रत्येक पेशी मागे मागे जात बशीतल्याच एखाद्या चमकत्या पेशीत शिरली. बाहेरून कोणीच आले नव्हते.

"घरनाच माणूस शे, दादा," हवालदार म्हणाला.

तक्रारीत तथ्य नाही, असा अहवाल छायाचित्रांसह पुण्याला पाठवला. ज्याने मागितला त्यालाच अहवाल जातो. जिची चौकशी झाली तिला कळवण्याची आमच्याकडे पद्धत नाही. जाताना तिने विचारले, "आता पुढं, साहेब?" मी म्हणालो, "कळवतील."

माणूस वाकडा वळला की मी पूर्वी त्याचे घर आणि संगत तपासायचो. त्या दुपारनंतर वाटू लागले, कधी कधी निर्णयाच्या घडीला तो मंद होता, एवढेच कारण असते. एकटा बसतो तेव्हा मी स्वतःच्या अशा घड्या आठवत राहतो.

वर्गात तोरणमाळची एक विद्यार्थिनी आहे. तिला सहज विचारले, तर ती त्या मुलीची मामेबहीण निघाली. म्हणाली, "ती टोळीसोबत गुजरातला ऊसतोडीला जाते. चार वर्षं झाली."

सोमवारी तिने निरोप आणला. "काका, ताई विचारतेय, त्या चौकशीचं काय झालं?"