घोट्याच्या मापाचे दोरे

एका जागी स्वस्थ बसणं मला कधी जमलंच नाही, आणि बी.एस्सी.च्या त्या वर्षी तर निर्गुडीने माझी झोपच उडवली होती. अकोल्याला मोर्णेकाठी आमचा भाजीचा मळा, कुंपणाला निर्गुडी माजलेली. दिवसभर उकिडवं बसून भाजी खुडताना आईचे दोन्ही घोटे सुजायचे आणि ती त्यांवर निर्गुडीचा पाला बांधायची. त्या पाल्यातलं नेमकं काय सूज उतरवतं, ते मला हुडकायचं होतं.

अमरावतीच्या कॉलेजातले आमचे रसायनाचे प्राध्यापक म्हणाले, "आधी गुण येतो हे दाखवा. सहा आठवडे कपाटातला एक खण तुमचा. फरक दिसला तर पुढे पाहू, नाही तर खण रिकामा करा." झालं, माझा सगळा जीव त्या खणात अडकला.

पाला स्पिरिटमध्ये भिजवला, अर्क आटवला, जवसाच्या तेलात घातला. ही लाल चिंधीची बाटली, डाव्या पायाची. पांढऱ्या चिंधीच्या बाटलीत नुसतं तेल, ते उजव्याला. वासावरून कळू नये म्हणून दोन्हींत कापूर. आईला मात्र सांगितलं, दोन्ही औषधंच आहेत.

दर शनिवारी बडनेऱ्याला गाडी बदलून अकोला गाठायचो आणि पाणीही न पिता आईचे पाय पुढ्यात घ्यायचो. घोट्याभोवती दोरा फिरवून कापायचा, मग डाव्या-उजव्याचे दोरे शेजारी धरून पाहायचे. दोरे आखूड होत होते, पण मेले दोन्ही सारखेच! तिसऱ्या शनिवारी मी तिच्यावरच डाफरलो, "बराबर लावतं ना माय?"

"दोन टाइम चोळून राहिली ना बाबू," ती म्हणाली.

सहाव्या शनिवारीही तेच. म्हणजे गुण चोळण्याचा, निर्गुडीचा नव्हे. सोमवारी प्राध्यापकांना तसं सांगितलं आणि खण रिकामा केला.

पुढल्या खेपेला घरी गेलो तो धुमसतच. उरलेल्या बाटल्या फेकायला उचलल्या, तशी आई धावली.

"फेकतं काहून? वाटीत दोन्ही मिसळून लावलं, त कसा गुण आला!"

मी बाटल्या खाली ठेवल्या. "मिसळून? काहून मिसळलं माय?"

"तूच त दर खेपेले दोन्ही दोरे जवळ धरून पायतं. कमीजास्त भरले त तुले वाईट वाटन. म्हून दोन्ही पायाले सारखंच लावलं."

जेवायलाही न थांबता तसाच अमरावतीला परतलो आणि प्राध्यापकांना सगळं सांगितलं. प्राध्यापक आधी पोट धरून हसले, मग म्हणाले, "पुन्हा करा. खण देतो. पाय मात्र सुजलेले हवेत."

शनिवारी अकोल्याला पोचलो, तेव्हा आई मेथीच्या वाफ्यात बसली होती. मी वाकून तिचे घोटे पाहिले. सूज नव्हती. पुढच्या शनिवारी पाहिले, त्याच्या पुढच्याही. पिशवीत नव्या बाटल्या तयार होत्या आणि मला धीर धरवत नव्हता. लाज वाटते सांगायला, पण आईचे पाय सुजावेत म्हणून मी महिनाभर वाट पाहिली.

शेजारणीला ती सांगत होती, "माह्या पोराले माह्या पायाची केवढी फिकीर! आल्याबरोबर आधी पाय पायते."