दातिवऱ्यातली तपासणी

नाशिकहून निघालेली बोईसरची एसटी जव्हारच्या घाटाला लागली, तोवर माझं मत जवळजवळ बनलेलं होतं. मनीषा खोटं बोलत होती.

मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे. पक्षाघातानंतर अनेकांना अफेझिया होतो (सांगायचं मनात असतं, पण शब्द सापडत नाही). अशा रुग्णांवर काम करणाऱ्यांची आमची संघटना आहे. पालघरच्या मनीषाने सदस्यत्वासाठी अर्ज केला होता. सोबत दातिवऱ्याच्या हिराबाईंचा व्हिडिओ होता. वर्षभरापूर्वी एक शब्द न बोलणारी ही कोळीण त्यात एकामागून एक चित्रं ओळखत होती. पण मध्येच कोपऱ्यात कुणाचा तरी हात वर व्हायचा. "पढवलेलं दिसतंय. तुम्ही बघून या," आमचे अध्यक्ष म्हणाले. सदस्यत्व नाही मिळालं तर बोईसरच्या दवाखान्यातली मनीषाला आठवड्यातून एक दिवस मिळणारी खोली जाणार होती, आणि हिराबाईंचे उपचारही थांबणार होते. हे ठाऊक असूनही मला दया येत नव्हती. मी दूधसुद्धा बोट बुडवून बघून घेणारी बाई.

जव्हारला भांडी-गाठोडी घेऊन एक कुटुंब चढलं. भातकापणी आटोपलेली, शेतांत नुसती धसकटं. "कुठे निघालात?" मी विचारलं. "कामाला. पावसाला येव परत," बाई म्हणाली आणि माझ्याकडे पाठ करून बसली. चौकशी करणाऱ्यांचा तिलाही संशय असावा. मला ती आवडली.

कारखान्यांच्या बोईसरला उतरताच एका रिक्षावाल्याने "मॅडम, कौनसी कंपनी?" म्हणून घेरलं. त्यातून मनीषानेच सोडवलं. तिशीची, काटकुळी, आणि माझ्या मते जरा जास्तच गोड. तिने आधीच रिक्षा ठरवली होती.

"आपण येणार हे हिराबाईंना कळवलंय?"

"हो मॅडम. नाहीतर मावशी बाजारात गेल्या असत्या."

म्हणजे तयारीला वेळ मिळालाच होता, मी मनात नोंद केली. बेटेगाव, पालघर, मग केळव्याची सुरूची झाडं मागे पडली आणि हवेला खारट वास आला. दातिवऱ्याच्या वाळूत पाय टाकला आणि माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मनीषाने आपली चप्पल पुढे केली. मी ती घेतली नाही. तपासणीला आलेल्या माणसाने कुणाचे उपकार घेऊ नयेत. पाय भाजून घेत मी हिराबाईंच्या अंगणापर्यंत गेले.

अंगणात बांबूच्या आडव्या दांड्यांवर बोंबील वाळत होते. चार बायका ते उलटत होत्या. हिराबाईंची सून कल्पना हिने आधी तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी पुढ्यात ठेवली. पाहुणचारात अहवाल विरघळवायचा बेत दिसत होता. चटणी मात्र अप्रतिम होती, आणि त्याचाही मला राग आला.

हिराबाई समोर बसल्या. साठीच्या, उजवा हात मांडीवर निपचित, डोळे मात्र लखलखीत. मी पहिलं चित्र धरलं आणि बायकांची बडबड एकदम थांबली. कुणी खोकलंही नाही. मनीषाचा हात वर गेला. झालं, सापडली खूण! मी हिराबाईंची खुर्ची फिरवून त्यांची पाठ सगळ्यांकडे केली.

"छ... छत्री," बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या. मग "कप". मग "चंद्र". खुणेविना. माझी पंचाईत झाली.

चौथं चित्र कात्रीचं. त्यांचे ओठ हलले. डाव्या हाताची दोन बोटं उघडली, मिटली. "का..." म्हणून त्या अडकल्या. कपाळावर घाम आला. ते बघवेना, शिवाय परतीची गाडीही गाठायची होती.

"कात्री," मी म्हणाले.

हिराबाईंनी चित्र माझ्या हातातून काढून घेतलं, मांडीवर पालथं ठेवलं आणि मान फिरवली. कल्पना बोंबील टाकून पुढे आली.

"मॅडम, तुमी कशाला बोलल्या? तिचा शब्द होता तो."

"अहो, त्या अडकल्या होत्या."

"मंग? आमी थांबतो. इथं कोनी तिचा शब्द घेत नाय. बाजारात गिऱ्हाईक मदी बोललं, तर आमी त्याला म्हावरं (मासळी) देत नाय."

मी मनीषाकडे पाहिलं. तिचा हात अजून वरच होता.

"हा हात नवीन माणसांसाठी आहे मॅडम. थांबा म्हणून. व्हिडिओतही तोच होता," ती हळूच म्हणाली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रुग्णाच्या तोंडचा शब्द काढून घेऊ नका, हे मी घरोघरी नातेवाइकांना बजावत आले. चार बोंबीलवाल्यांना ते जमलं होतं आणि मला जमलं नव्हतं. मी हिराबाईंची माफी मागितली. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. या वेळी मी तोंड घट्ट मिटून बसले.

"परत... ये," त्या म्हणाल्या. पुन्हा थांबल्या. आम्ही सगळ्याजणी थांबलो. "पन... गप."

बायका खदखदून हसल्या. त्याही हसल्या.

दुसऱ्या दिवशी नाशिकला घरी बसून अहवाल भरला. सदस्यत्वाची शिफारस एका झटक्यात लिहिली. पुढे प्रश्न होता: चाचणीत रुग्णाला बाहेरून मदत झाली का? मी "होय" लिहिलं. एवढंच ठेवलं असतं तर मनीषाचा अर्ज तिथेच बुडाला असता, आणि माझी चूक कुणाला कळलीही नसती. खाली विचारलं होतं: कोणाकडून?

तिथे मी माझं नाव लिहिलं. ते लिहायला मला हिराबाईंच्या छत्रीपेक्षा जास्त वेळ लागला.