बोटीचा भोंगा आणि आमच्या जुळ्या मुली

आमच्या जुळ्या मुली तेव्हा वर्षाच्याही झाल्या नव्हत्या. हे रत्नागिरीत शाळामास्तर होते आणि मुंबईहून बालमानसशास्त्राची पुस्तकं मागवून वाचत. "मोठा आवाज झाला की तान्हं मूल घाबरतंच. जगात कुठंही जा, नियम हाच," असं मला समजावून सांगत.

एका संध्याकाळी आम्ही मुलींना घेऊन बंदरावर गेलो. मुंबईची बोट आली आणि तिनं भोंगा दिला. माझ्या कडेवरची थोरली किंचाळून मला बिलगली. ह्यांच्या कडेवरची धाकटी मात्र पाय झाडत खिदळायला लागली.

हे गोंधळून तिच्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "अगं, एका मुलीवरून नियम मोडत नाही. त्यासाठी शेकडो मुलं तपासावी लागतात."

"तपासू देत की ज्यांना तपासायचीत त्यांना," मी म्हटलं. "आपल्याला वाढवायच्यात त्या ह्या दोघीच."

ह्यांना हसू फुटलं. पुढच्या खेपेला त्यांनी आपणहून थोरलीला घेतलं, तिचे कान उपरण्यानं झाकले आणि तिला लांब माडांखाली नेलं. मी धाकटीला घेऊन थेट पाण्याच्या कडेला उभी राहिले. भोंगा वाजला. मी वळून पाहिलं, तर थोरली उपरण्यातून डोकं काढून बोटीकडे टकामका बघत होती.