कुंकू लावलेला टीव्ही

त्या दुकानात शिरलं की माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगून टाकते. बाहेर दुपारचं ऊन, आत थंडगार निळा उजेड, आणि भिंतभर चाळीस-पन्नास टीव्ही. सगळ्यांवर एकच चित्र. त्या दिवशी मासे होते. केशरी, पिवळे, लांब शेपटांचे मासे सगळ्या पडद्यांवर एकदमच वळायचे आणि एकदमच दिसेनासे व्हायचे. अप्पा माझा हात धरून त्या माशांमधून हळूहळू चालत होते. आमच्या म्हैसूरच्या कारंजी तळ्याच्या तळाशी उतरून आम्ही दोघं कुणाला तरी शोधतोय असं मला वाटत होतं. मग एक विक्रेता पुढे आला, “मॅडम, किती इंचाचा?” म्हणाला, आणि मी एकदम वर आले.

अप्पा म्हणजे माझे वडील, ब्याऐंशी वर्षांचे. आमचे पणजोबा म्हैसूरच्या जुन्या घोडदळात होते. पुढे घोडदळ गेलं, घोडे गेले, घरात मराठी तेवढं राहिलं, तेही कन्नडात चांगलं मुरलेलं. अप्पांनी नजरबादच्या सरकारी कचेरीत कारकुनी केली आणि दसऱ्याची जंबू सवारी जन्मात एकदाही चुकवली नाही. सोन्याची अंबारी घेऊन हत्ती राजवाड्यातून निघतो, ती सवारी. सयाजीराव रस्त्यावरच्या एका औषधांच्या दुकानाची दुसरी पायरी ही त्यांची जागा. लहानपणी मीही तिथंच उभी राहिले आहे, त्यांच्या पुढ्यात, त्यांचे दोन्ही हात माझ्या खांद्यांवर.

तीन वर्षांपूर्वी गुडघे गेले आणि पायरी सुटली. मग घरातल्या लहान टीव्हीसमोर, अगदी हातभर अंतरावर खुर्ची ओढून ते सवारी बघायला लागले. गेल्या वर्षी म्हणाले, “हत्ती बारीक दिसतो गं.” एवढंच म्हणाले, पण ते माझ्या मनातून जाईना. मी दिवसभर नोकरीवर, आमच्या घरात आम्ही दोघंच, आणि ह्या माणसानं माझ्याकडे कधी काही मागितलेलं नाही. ह्या वर्षी अप्पांना अंबारी डोळे भरून दिसली पाहिजे, मग काहीही होवो, असं मी ठरवून टाकलं.

तर त्या दुकानात एका मोठ्या टीव्हीखाली पिवळी पाटी होती. पाटीवर हाताच्या पंज्याएवढे आकडे: एकोणतीस हजार नऊशे नव्वद. मी खूश. अप्पांनी टीव्हीच्या कडेवरून हलकेच बोटं फिरवली, आवाज मोठा करायला लावला, मान कलती करून ऐकला आणि म्हणाले, “हाच घे. आवाज छान आहे.” लोक चित्र बघून टीव्ही घेतात, आमचे अप्पा आवाज ऐकून घेतात, म्हणून मी विक्रेत्यासमोर त्यांची थट्टाही केली.

बिल करायला गेले तर मशीन म्हणतंय अडतीस हजार.

“हा आकडा कुठून काढलात?”

“मॅडम, पाटीवर स्टार आहे बघा.”

खरंच होता. त्या स्टारचं उत्तर पाटीच्या तळाशी मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत होतं. अमुकच बँकेचं कार्ड असेल तर, जादा वॉरंटी विकत घेतली तर, आणि चालू स्थितीतला जुना टीव्ही परत दिला तर. अय्यो, माझा असा संताप झाला! “मग ही किंमत कुणासाठी आहे? ज्याच्याकडे सगळंच आधीपासून आहे त्याच्यासाठी?” मी म्हटलं. “खरी किंमत मोठ्या अक्षरांत लिहायला तुमचे हात दुखतात का?” आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. विक्रेता बिचारा मान खाली घालून उभा. पाटी काही त्यानं लिहिलेली नव्हती, हे मलाही कळत होतं, पण पाटी लिहिणारा माणूस अशा दुकानात कधी भेटतो का?

अप्पांनी माझी बाही ओढली. “बिडम्मा, सोड ना गं,” ते कन्नड-मराठी मिसळून म्हणाले. “आपला जुना चालूच आहे. देऊन टाक.”

तिथंच पाठ फिरवून निघायला हवं होतं. पण दसरा चार दिवसांवर आला होता. मी मैत्रिणीकडून त्या बँकेचं कार्ड आणलं, नको असलेली वॉरंटी घेतली, आणि जुना टीव्ही द्यायचं कबूल करून बसले.

आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या, आदल्या संध्याकाळी टेम्पो आला. माणसांनी नव्याचा खोका उघडायच्या आधी जुना टीव्ही उचलून नेला. मग नवा टेबलावर ठेवला, त्याला पाय बसवले आणि म्हणाले, “चालू करून द्यायला दुसरा माणूस येईल. दसऱ्यानंतर.”

“दसऱ्यानंतर? मग दसऱ्याला मी काय ह्याची आरती करू?”

आणि खरोखर आरतीच केली. वायरी माझ्या मी जोडल्या असत्या, पण अप्पा ऐकेनात. नवी वस्तू पूजेआधी चालू करायची नाही. आणि आयुधपूजेच्या दिवशी तर कुठल्याच आयुधाला काम सांगायचं नाही, त्याचा तो विश्रांतीचा दिवस. आमच्याकडे हे असंच चालत आलंय, आणि खरं सांगायचं तर मला तो दिवस फार आवडतो. अख्खं म्हैसूर त्या दिवशी आपल्या यंत्रांना हळद-कुंकू लावतं. बसला केळीचे खुंट, रिक्षाला झेंडूच्या माळा, शिवणयंत्रावर फूल, रस्त्यात फोडलेले कोहळे आणि त्यांच्यातून सांडलेलं लाल कुंकू. दुपारी सगळं थांबतं. गल्लीत उदबत्तीचा वास तरंगत राहतो आणि चाकं, सुया, सुऱ्या सगळी झोपलेली असतात.

आमच्या पाटावर विळी, कात्री, मिक्सर आणि पणजोबांच्या रिकिबीचा एक तुकडा होता. माझी स्कूटर दारात. शेवटी टीव्ही. अप्पांनी स्वतः चंदनाची वाटी घेतली. काठ चाचपत चाचपत तीन बोटं ओढली ती थेट पडद्याच्या मधोमध, आणि त्यावर कुंकवाचा ठसठशीत टिळा.

“अप्पा, कडेला लावा हो! काचेवर काय?”

“कपाळ मध्येच असतं पोरी,” ते म्हणाले आणि मनापासून हसले. मीही हसले. पुसायचं मनात आलं, पण पुजलेलं कोण पुसतं?

दशमीच्या सकाळी दहा वाजता मी बटण दाबलं. आवाज आला, स्वच्छ, भरदार. राजवाड्यासमोरून कुणीतरी कन्नडात बोलत होतं. चित्र मात्र नाही. काळा पडदा, मधोमध टिळा. वायरी काढल्या, लावल्या, टीव्ही बंद केला, चालू केला. काळाच.

कंपनीच्या नंबरावर अर्धा तास गाणं ऐकल्यावर एक बाई बोलली. फोटो पाठवा म्हणाली. पाठवला. उत्तर आलं की पडद्यावर डाग आहेत, द्रव पदार्थ आत गेलेला दिसतो, हे नुकसान ग्राहकाकडून झालेलं आहे.

“डाग? अहो बाई, कुंकू आहे ते!”

“असेल मॅडम. पण फोटोत डाग दिसतोय.”

मी स्कूटर काढली. मिरवणुकीसाठी रस्ते बंद व्हायला लागले होते, गल्लीबोळांतून वळसे घेत कशीबशी त्या दुकानात पोचले. आज भिंतीवर माशांऐवजी ढग होते, पन्नास पडद्यांवर पांढरे ढग सावकाश चाललेले. आणि बिलाच्या काउंटरवर त्यांचा कॉम्प्युटर, त्याला शेवंतीची माळ, आणि स्क्रीनच्या वरच्या पट्टीवर हे एवढं मोठं कुंकू!

“हे चालतं?” मी मॅनेजरला विचारलं. “तुमच्या यंत्राला लावलं की पूजा, आणि माझ्या यंत्राला लावलं की डाग?”

तो ओशाळला. माणूस वाईट नव्हता. तक्रार लिहून घेतो, तपासणीला माणूस पाठवतो, दहा-बारा दिवस लागतील म्हणाला. त्याच्या मागे तोच टीव्ही, तीच पिवळी पाटी, आणि आजची किंमत तीन हजारांनी कमी. तळाशी मुंगीचे पाय होतेच. मला भांडायचंही त्राण उरलं नाही.

“निदान माझा जुना तरी द्या हो,” मी म्हटलं. “आजच्या संध्याकाळपुरता. वडिलांना सवारी बघायची आहे.” माझा आवाज रडवेला झाला होता आणि त्याची मला लाजही वाटली नाही.

“तो गोदामात गेला मॅडम. आता सापडणार नाही.”

घरी परतायला साडेतीन वाजले. चामराजपुरमच्या आमच्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दार लोटलं तर आतून बँडचा आवाज. अप्पा धुतलेलं धोतर, पांढरा सदरा, खांद्यावर जरीचं उपरणं अशा थाटात खुर्चीवर बसलेले, तोंड टीव्हीकडे. पडदा काळाच.

मी सांगायला तोंड उघडणार, तोच ते म्हणाले, “आलीस? बस लवकर. काय स्वच्छ दिसतंय गं! केवढा मोठा हत्ती!”

मला वाटलं, माझी चेष्टा करताहेत. मग वाटलं, मला वाईट वाटू नये म्हणून बोलताहेत. मी पुढे गेले आणि टीव्हीच्या समोर जाऊन उभी राहिले, अगदी मध्ये. मी अशी आडवी आले की अप्पा आयुष्यभर ओरडत आलेत, “सरक, काचेची आहेस का?” आज ओरडले नाहीत. माझ्या पोटाकडे बघत, चेहऱ्यावर तेच हसू ठेवून, पुढे पुढे सांगत राहिले.

हातभर अंतरावरची खुर्ची, आवाज ऐकून निवडलेला टीव्ही, चाचपत लावलेला तो टिळा, सगळं एकदम माझ्यासमोर आलं. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं शोधून काढून मी भर दुकानात तमाशा केला, आणि माझ्या बापाला दिसत नाही हे मला एका घरात राहून दिसलं नाही. कधीपासून? मला त्यांचा राग आला, माझा त्याहून जास्त आला. ओरडून विचारावंसं वाटलं, का लपवलंत? पण उत्तर मला ठाऊक होतं. मी नोकरी सोडून घरी बसले असते.

तेवढ्यात राजवाड्याकडून तोफ झाली. खिडकीची काच थरथरली. मग दुसरी, तिसरी. अप्पा खुर्चीचे हात धरून उठून उभे राहिले.

“निघाली,” ते म्हणाले. “मी सात वर्षांचा होतो तेव्हा अंबारीत राजा बसायचा. हिऱ्याचा तुरा असा लकाकायचा की डोळे मिटावे लागायचे. आता देवी असते. ते बघ, पुढे घोडे. आपले लोक.”

टीव्हीतला बँड वाजत होता. बाहेरचं ऊन जमिनीवरून वर चढून त्या काळ्या काचेत शिरलं होतं, आणि तिच्यात कुंकवाच्या मागे आम्ही दोघं पुसट दिसत होतो. मी डोळे पुसले, टीव्हीसमोरून बाजूला झाले आणि आवाज शक्य तेवढा सरळ ठेवून विचारलं,

“अप्पा, हत्ती कुठवर आला?”

त्यांनी मान कलती करून ऐकलं. मग हात पुढे करून माझा खांदा शोधला आणि मला आपल्या पुढ्यात ओढून घेतलं. त्यांचे दोन्ही हात माझ्या खांद्यांवर होते.

“आला बघ, औषधांच्या दुकानासमोर,” ते म्हणाले. “तू अशी पुढे उभी राहा. इथून नीट दिसतं.”