किंमत खरडलेली बाटली

त्या प्रकरणाला बरीच वर्षे झाली, पण तो तक्रार अर्ज मला अजून आठवतो. त्यात एक वाक्य होते : ‘सदर बाटलीमुळे माझे नाक कापले गेले आहे.’ ठाणे अंमलदाराने ते वाचले आणि गंभीर चेहऱ्याने मला विचारले, “साहेब, गुन्हा दुखापतीचा घेऊ की फसवणुकीचा?”

अर्जदार सटाण्याकडचा कांदा व्यापारी होता. त्याच्या आईचे मोठे ऑपरेशन नाशिकला झाले आणि म्हातारी स्वतःच्या पायांनी घरी गेली. ऑपरेशन करणारे डॉक्टर इंदिरानगरला राहत. व्यापाऱ्याने त्यांना परदेशी व्हिस्कीची एक भारी बाटली भेट दिली. डॉक्टरांनी तीन मित्रांना जेवायला बोलावून ती उघडली आणि पहिल्याच घोटाला चौघांनी ग्लास खाली ठेवले. आत स्पिरिट, रंग आणि कसलासा अर्क होता. डॉक्टरांनी दोन दिवस विचार करून व्यापाऱ्याला फोन केला. “तुम्ही फसलात. घरी अशी दुसरी असेल तर कुणाला पिऊ देऊ नका,” एवढेच म्हणाले.

व्यापाऱ्याने अर्जात शहरातल्या एका जुन्या दुकानाचे नाव दिले होते आणि तिथल्या वयस्कर विक्रेत्याचे वर्णनही. दुकानदाराने त्या विक्रेत्याला त्याच दिवशी घरी बसवले.

मी जबाबासाठी त्याला बोलावले. बारीक अंगाचा, साठीला टेकलेला माणूस. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. सत्तावीस वर्षे एकाच काउंटरवर उभा. स्वतः दारूला शिवत नसे. “गिऱ्हाईक परत येऊन सांगतं कशी लागली ते. तेवढं लक्षात ठेवतो,” म्हणाला.

“हा व्यापारी दुकानात आला होता?”

“आला होता. भेट द्यायचीय म्हणाला. मी विचारलं, कुणाला? तर डॉक्टरांना. म्हटलं, डॉक्टर कसे आहेत? म्हणाला, अमेरिकेत शिकून आलेत, कमी बोलतात. मग मी त्याला बर्बन दाखवली.”

“म्हणजे?”

“अमेरिकेतली व्हिस्की. त्यात निम्म्याहून जास्त मका असतो. आतून जाळलेल्या नव्या पिंपात मुरवतात, म्हणून गोडसर वास येतो. तिकडं शिकलेल्या माणसाला जुने दिवस आठवतील, असं वाटलं मला.”

“मग घेतली का नाही?”

“मका म्हटल्यावर बिनसलं, साहेब. म्हणाला, मका आम्ही गुरांना घालतो. आईला ज्यानं जिवंत घरी धाडलं त्याला गुरांचं खाणं पाजू का? त्याला मोठा खोका पाहिजे होता, सोनेरी अक्षरांचा. मी म्हटलं, डॉक्टर खोका पिणार नाहीत. ते लागलं त्याला. निघून गेला.”

जबाबावर सही करताना तो थांबला. “नोकरीचं मला काही नाही, दोन वर्षांत सोडणारच होतो. पण जुनं गिऱ्हाईक रस्त्यात भेटलं तर त्यानं तोंड फिरवू नये. सत्तावीस वर्षांत तेवढंच कमावलंय.”

मला तो खरा वाटत होता. पण अधिकाऱ्याला जे वाटते ते कागदावर येत नाही. व्यापारी ठाम होता की बाटली त्याच दुकानातली. पैसे रोख दिले, बिल पाकीट साफ करताना फेकले, असे त्याचे म्हणणे. दुकानातल्या कॅमेऱ्याचे त्या दिवसाचे चित्रण पुसले गेले होते. त्या जातीच्या बाटल्या त्या आठवड्यात दुकानातून विकल्याही गेल्या होत्या. झाकणावरची सरकारी पट्टी बाटली उघडताना फाटते, ती डॉक्टरांच्या घरून केव्हाच कचऱ्यात गेली होती.

एक प्रश्न उरत होता. आपल्याकडच्या दुकानांत विकल्या जाणाऱ्या परदेशी बाटलीच्या पाठीवर आयात करणाऱ्याचे लेबल असते, त्यावर किंमत छापलेली असते. जप्त केलेल्या बाटलीवर ते नव्हते. मी व्यापाऱ्याला विचारले तेव्हा त्याने क्षणाचाही वेळ घेतला नाही.

“खरडलं मी. भेट द्यायची म्हणजे किंमत ठेवतात का कोणी? डॉक्टरांच्या बिल्डिंगखाली गाडीत बसलो अन् नखानं काढून टाकलं.”

ते पटण्यासारखे होते. आपल्याकडे भेटवस्तूची किंमत कोण ठेवतो?

त्या दिवशी दुपारी जेवायला घरी गेलो. माझी पत्नी स्वयंपाकघराच्या ओट्याशी स्टीलचा डबा घेऊन बसली होती. संध्याकाळी तिच्या मैत्रिणीच्या मुलीचे लग्न होते, त्यासाठी आणलेला डबा. बाजूला छोट्या वाटीत खोबरेल तेल आणि कापसाचा बोळा. डब्याचा किमतीचा कागद केव्हाच निघाला होता, तरी ती घासतच होती.

“निघालाय की,” मी म्हणालो.

“तुम्हाला वाटतं निघालाय. अंगठा द्या इकडे.”

तिने माझा अंगठा धरून डब्यावर दाबला. अंगठा किंचित चिकटला.

“कागद निघतो हो, गोंद जात नाही,” ती म्हणाली. “घेणारीनं हात लावला की तिला कळतं, इथून काहीतरी काढलंय.”

मी वाढलेले ताट तसेच ठेवून उठलो. “जेवून तरी जा,” ती म्हणाली, पण अडवले नाही. वीस वर्षे पोलिसाच्या घरात काढलेल्या बाईला नवऱ्याचा चेहरा वाचता येतो.

ठाण्यात आल्यावर दोन पंच बोलावले, मुद्देमालातली बाटली काढली आणि तिच्या पाठीवरून अंगठा फिरवला. वरून खाली, मग आडवा. काच स्वच्छ आणि गुळगुळीत होती. चिकटपणा नव्हता, नखाचा ओरखडा नव्हता, गोंदाला धरून बसणारी धूळही नव्हती. त्या बाटलीला ते लेबल कधी लागलेच नव्हते. पंचनाम्यात तसे लिहून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यापाऱ्याला बोलावले. चहा दिला. आवाज चढवून मी फार थोड्या गोष्टी मिळवल्या आहेत. माणसाला खुर्ची द्यावी, चहा द्यावा आणि आपण गप्प बसावे. खोटे बोलणाऱ्याला शांतता सोसत नाही.

“साहेब, आईची शप्पथ सांगतो...” त्याने सुरुवात केली.

“आत्ताच ऑपरेशन झालंय त्यांचं. त्यांची शपथ नको.” मी बाटली पुढे ठेवली. “कांदा हातात घेतला की तुम्हाला कळतं ना, ओला का सुका?”

“डोळे झाकून सांगतो.”

“मग हिला हात लावा. जिथं खरडलंत तिथं. आणि काय लागतं ते सांगा.”

त्याने अंगठा लावला. बराच वेळ तसाच ठेवला. चहावर साय धरली.

“नाय चिकटत, साहेब,” तो शेवटी म्हणाला.

मग सगळे बाहेर आले. एका पाहुण्याने त्याला फोन नंबर दिला होता. विमानतळावरचा माल, कर भरलेला नाही म्हणून स्वस्त, असे सांगितले होते. “खोका लय भारी होता. अन् दुकानापेक्षा पुष्कळ कमी घेतले. डॉक्टरांचा फोन आला तेव्हा तोंडातून त्या दुकानाचं नाव निघून गेलं. आईच्या डॉक्टरांना स्वस्तातली दिली, हे सांगू कसं? मग भाऊबंद म्हणाले, सोडू नको, अर्ज दे. दिला.”

“त्या म्हाताऱ्या माणसाला घरी बसवलंय, माहीत आहे?”

ते त्याला खरोखर माहीत नव्हते.

पुढचे काम सरळ होते. आमच्या एका हवालदाराला साध्या कपड्यांत गिऱ्हाईक म्हणून पाठवले. दोन दिवसांत शहराबाहेरच्या एका खोलीवर छापा पडला. लोकांनी परदेशातून आणलेल्या आणि मग भंगारातून खोक्यासकट विकत घेतलेल्या रिकाम्या बाटल्या, नवी झाकणे, रंगाच्या बरण्या. दोघांना अटक झाली, यथावकाश दोषारोपपत्र गेले.

खोट्या अर्जाबद्दल व्यापाऱ्यावरही कारवाई करता आली असती. मी त्याला साक्षीदार केले आणि त्याआधी दुकानात जाऊन यायला सांगितले. विक्रेता पुन्हा काउंटरवर उभा होता. मी दाराशी थांबलो. चार गिऱ्हाइके होती. व्यापाऱ्याने त्यांच्यासमोरच हात जोडले.

“मामा, तुमची बाटली नव्हती ती. मी खोटं बोललो.”

मामांनी हातातल्या फडक्याने काउंटर पुसला. मग विचारले, “डॉक्टरांकडं परत गेलात का?”

“कोणत्या तोंडानं जाऊ?”

“ह्याच. आणि हातात हे घेऊन.” त्यांनी मागच्या फळीवरून एक साधी बाटली काढली. खोका नव्हता.

“मक्याचीच का?”

“मक्याचीच.”

साक्षीच्या कामासाठी पुढे डॉक्टरांचा फोन आला तेव्हा ते शेवटी म्हणाले, “ती दुसरी बाटली उघडली, साहेब. नुसत्या वासानं वसतिगृहाची खोली आठवली. ही कुणी निवडली?”

मी सांगितले.

या प्रकरणाने मला शिकवले ते असे, की भेट निवडताना पहिला प्रश्न ‘केवढ्याची’ हा नसतो. काउंटरवरचा तो माणूस सत्तावीस वर्षे ‘कुणासाठी’ एवढेच विचारत आला होता. तपासातही मी पुढे तेच आधी विचारू लागलो, की हा माणूस हे कुणासाठी करतो आहे. व्यापारी खोटे बोलला तेसुद्धा डॉक्टरांच्या नजरेतून उतरू नये म्हणून. हे कळल्यावर मला त्याचा राग धरता आला नाही.

पत्नीला जाऊन आता आठ महिने झाले. सकाळी दोन तास लिहायला बसतो, थोडे वाचतो, दिवस बरा जातो. गेल्या आठवड्यात गिऱ्हाईक म्हणून पाठवलेला तोच हवालदार निवृत्त झाला. त्याच्यासाठी बाटली घ्यायला मी त्या दुकानात गेलो. मामांनी नोकरी सोडली आहे, पण मालक त्यांना सकाळपुरते बोलावतो. मला पाहून ते उठू लागले. मी खांद्यावर हात ठेवून बसवले.

“साहेब, कुणासाठी?”

मी सांगितले. त्यांनी थोडा विचार करून एक बाटली दिली.

घरी आल्यावर ओट्याखालून ती छोटी वाटी काढली. खोबरेल तेल घेतले, कापूस घेतला आणि किमतीचा कागद भिजवून हळूहळू काढला. बराच वेळ घासत होतो. शेवटी अंगठा टेकवून पाहिला. जरा चिकटला.

तेल पुन्हा घेतले आणि तिच्यासारखे घासत राहिलो, अंगठा सुटेपर्यंत.